भिडस्त माणूस नेमका कोण?

मला माझी लाज वाटू शकते, माझा राग येऊ शकतो, कधी माझीच कीव येते. माझी भीड मात्र मला कधीच वाटत नाही. तसे वाक्यच मराठीत होत नाही. भीड वाटायला समोर दुसरे माणूस लागते. सासरे, जुने मास्तर, शेजारच्या काकू, वीस वर्षे शेजारच्या टेबलावर बसलेला सहकारी, असे कुणीतरी. बंद खोलीत एकटा बसलेला माणूस तापट असू शकतो, हळवा असू शकतो, आळशी तर असतोच. एकट्याने भिडस्त होणे शक्य नाही. स्वभाव सांगणारी आपली बहुतेक विशेषणे माणसाच्या आत काय आहे ते सांगतात. भिडस्त हे विशेषण दोन माणसांच्या मधल्या जागेविषयी बोलते, आणि म्हणूनच मला ते फार मोलाचे वाटते.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीच्या मराठी घरांत हा शब्द आता प्रामुख्याने साठीच्या पुढच्यांच्या तोंडी ऐकू येतो. विशीतली मुले स्वतःविषयी सांगताना ‘मी जरा इंट्रोव्हर्ट आहे’ म्हणतात. शब्द बदलायला हरकत नसते, पण इथे माणूसच बदलून जातो. अंतर्मुख आणि बहिर्मुख ही जोडी कार्ल युंग यांच्या १९२१ सालच्या ग्रंथामुळे जगभर रुळली. मनाचा ओढा आत आहे की बाहेर, हा तिचा विषय. भिडस्तपणाचा याच्याशी काही संबंध नाही. चार तास गप्पांचा फड रंगवणारा, लग्नकार्यात पुढे पुढे करणारा, बहिर्मुखांतला बहिर्मुख माणूस कमालीचा भिडस्त असू शकतो. त्याला बोलता सगळे येते, फक्त विशिष्ट माणसासमोर ‘नाही’ एवढेच म्हणवत नाही. उलट तीन वाक्यांच्या वर न बोलणारा घुमा माणूस कुणालाही शांतपणे नकार देऊन मोकळा होतो.

मराठीने या आळीत शब्दांची केवढी वस्ती केली आहे, ते पाहण्यासारखे आहे. लाजाळू माणसाला आपल्याकडे कुणी पाहते आहे याचाच त्रास होतो. बुजऱ्याला नव्याचा त्रास होतो. बुजणे हे मुळात घोड्याचे आणि गुराचे क्रियापद, आणि ओळख झाली की बुजरा माणूसही गुरासारखाच शांत होतो. मुखदुर्बळाच्या मनात सगळे तयार असते, शब्द ओठांवर येत नाहीत. संकोची माणूस अंग चोरतो, दुसऱ्याच्या घरी खुर्चीच्या कडेवर बसतो. भित्र्याला परिणामांची भीती असते. या प्रत्येकाची अडचण स्वतःपाशी आहे. भिडस्ताची अडचण समोरच्यापाशी आहे. समोरच्याचे मन मोडेल, त्याचा शब्द खाली पडेल, हे त्याला स्वतःच्या नुकसानीपेक्षा जड जाते.

भीड आणि भीती यांची गल्लतही वारंवार होते, कारण दोन्ही शब्द दिसतात सारखे. धाक वडिलांचा असतो, दरारा साहेबांचा असतो, दहशत गुंडाची असते. या तिघांच्या हातात आपले काही ना काही बिघडवण्याची ताकद असते. भीड ज्याची वाटते तो बहुतेक वेळा आपले काहीच बिघडवू शकत नाही. निवृत्त झालेल्या मास्तरांनी ‘माझ्या नातवाला जरा गणित दाखव’ म्हटले तर नाही म्हणवत नाही. आता ते छडी मारणार नसतात, प्रगतिपुस्तकावर शेरा लिहिणार नसतात, तरी नाही म्हणवत नाही. जिथे माणसाला सत्ता नाही आणि तरीही तुमच्यावर वजन आहे, तिथे भीड असते. म्हणून भिडस्त म्हणजे भेकड, हा सरसकट निकाल मला मान्य नाही.

हे वजन दोन्ही बाजूंनी वापरता येते, ही या शब्दाची दुसरी गंमत. ‘मला त्यांची भीड वाटते’ यात भीड माझ्या मनात आहे. पण जुन्या पिढीच्या बोलण्यात ‘त्यांची साहेबांकडे चांगली भीड आहे’ असेही ऐकू येते. तिथे भीड त्यांच्या खिशात आहे. वशिला म्हणजे आत शिरायची वाट, ती कुणाचीही चालते. भीड म्हणजे त्या एका माणसाच्या शब्दाला असलेला मान. म्हणून लोक भीड घालतात, म्हणजे मामांना किंवा काकांना मध्ये घालून आपले काम पुढे रेटतात. ‘माझी भीड मोडू नका हो’ असे म्हणणारा माणूस विनंती करत असतो की दाब आणत असतो, हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि बऱ्याचदा म्हणणाऱ्यालाही. फारसी-अरबीतून आलेले मुर्वत आणि मुलाहिजा हे शब्द भिडेच्या शेजारी येऊन बसले, भीडमुर्वत असा जोडशब्दही झाला, पण मुलाहिजा बहुतेक वेळा ‘न ठेवता’ याच्याच सोबत येतो. रोजच्या व्यवहारात राहिली ती भीडच.

कल्याण-डोंबिवलीत या शब्दाला आणखी एक अडचण आहे. हिंदीत भीड म्हणजे गर्दी. इथल्या शाळकरी मुलाच्या कानावर तीच आधी पडते, त्यामुळे ‘कसली भीड बाळगतोस?’ हे आजीचे वाक्य त्याला कोड्यासारखे वाटते. पण योगायोग पाहा. मराठीतल्या भिडेची खरी परीक्षा हिंदीतल्या भिडेतच होते, आणि तिची जागा आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी आली, साधारण वर्षभरात रूळ कल्याणपर्यंत पोचले, आणि आज कल्याण-डोंबिवलीतली निम्मी माणुसकी आणि निम्मी भांडणे त्या रुळांवरच घडतात.

लोकलमध्ये जागा मागायची आपली एक पद्धत आहे. ‘मला बसायला द्या’ असे सहसा कुणी म्हणत नाही. ‘कुठे उतरणार?’ एवढेच विचारतात. त्या प्रश्नात मागणी असते आणि नकाराची सोयही असते. बसलेल्याने ‘सीएसटी’ म्हटले की विषय संपला, कुणाचा अपमान नाही. ‘घाटकोपर’ म्हटले की जागेचे बुकिंग झाले. चौथ्या सीटसाठी तर शब्दही लागत नाहीत, नुसते ‘जरा’ म्हटले की तिघेजण सरकतात. हे शिष्टाचार कुठल्याही नियमावलीत लिहिलेले नाहीत. अनोळखी माणसाला अनोळखी माणसाची जी थोडी भीड वाटते, तिने ते घडवले.

ही भीड किती खोल असते, याचा एक नामांकित प्रयोग न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेत झाला. स्टॅनली मिलग्रॅम हे मानसशास्त्रज्ञ आज्ञापालनाच्या त्यांच्या वादग्रस्त प्रयोगांमुळे परिचित आहेत. १९७० च्या दशकाच्या आरंभी त्यांनी विद्यार्थ्यांना एक साधे काम दिले. गाडीत बसलेल्या प्रवाशाकडे जायचे आणि कुठलेही कारण न देता विचारायचे, ‘तुमची जागा मला देता का?’ सुमारे ६८ टक्के प्रवाशांनी उठून किंवा सरकून जागा दिली. त्याहून बोलका निष्कर्ष दुसराच होता. विचारणाऱ्यांचीच अवस्था वाईट झाली. मिलग्रॅम स्वतः विचारायला गेले तेव्हा शब्द घशात अडकले, आणि जागा मिळाल्यावर आपण खरेच आजारी आहोत असे दिसावे म्हणून मान खाली घालून बसावेसे वाटले. ‘उभे राहून पुस्तक वाचता येत नाही’ असे फुटकळ कारण दिल्यावर मात्र जागा देणाऱ्यांचे प्रमाण ४२ टक्क्यांपर्यंत उतरले. कारण आले की माणसाला ते तोलता येते, कारण नसले की त्याच्यापुढे नुसता माणूस उभा राहतो. भिडस्त माणसाला हे प्रयोगाशिवाय ठाऊक असते. उसने मागणाऱ्याला ‘कशाला हवेत पैसे?’ असे विचारण्याचीही त्याला भीड वाटते, आणि तिथेच तो अडकतो.

आपल्या गाड्यांत मात्र अनोळखी माणसे फार काळ अनोळखी राहत नाहीत. वर्षानुवर्षे एकाच डब्यात चढणाऱ्यांचा ग्रुप होतो, दसऱ्याला डबा सजतो, आरती होते, भजनाचे टाळ वाजतात. डोंबिवलीकर जागेसाठी आधी उलटे कल्याणला जातात, आणि ग्रुपमधल्यांसाठी रुमाल टाकून जागा धरतात. आता ही भीड निराळी झाली. उभ्या असलेल्या वृद्ध गृहस्थांना जागा द्यावी असे मनात आले तरी ‘आपल्या नाईकांसाठी धरली आहे’ म्हणून माणूस गप्प बसतो. परक्याची भीड हरते आणि आपल्याची जिंकते. मला हे दृश्य पाहवत नाही, पण भिडस्तपणा म्हणजे निखळ चांगुलपणा, असे समजणाऱ्याने ते पाहायला हवे.

आता जिथे या स्वभावाची खरी किंमत मोजावी लागते, तिथे येऊ. ‘भीड भिकेची बहीण’ ही म्हण आपण विनोदाने वापरतो, पण नोकरदार वस्तीत तिचा अर्थ अक्षरशः घ्यायचा असतो. गिरगाव-दादरच्या चाळींतून आणि कोकण-देशावरून आलेल्या कुटुंबांनी ही उपनगरे भरली. घर, मुलांचे शिक्षण, मुलीचे लग्न यांसाठी पतपेढीचे कर्ज हा त्यांचा आधार होता आणि अजूनही आहे. कर्जाला जामीनदार लागतात, आणि जामीनदार म्हणून विचारायचे कुणाला? रोज डबा वाटून खाणाऱ्यालाच. ‘नुसती सही आहे रे’ या चार शब्दांत आपल्याकडे जेवढी घरे अडचणीत आली असतील तेवढी जुगारात आली नसावीत, असे मला वाटते.

ती नुसती सही नसते. भारतीय करार कायदा १८७२ सालचा. त्याचे १२८ वे कलम म्हणते की, करारात वेगळे ठरलेले नसेल तर जामीनदाराची जबाबदारी मूळ ऋणकोच्या जबाबदारीइतकीच असते. आधी कर्जदाराकडून वसूल करा, तो बुडाला तरच माझ्याकडे या, असे जामीनदाराला म्हणता येत नाही. बँक ऑफ बिहार विरुद्ध दामोदर प्रसाद या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केले आहे. सहकारी पतसंस्थेकडे तर आपल्या राज्याच्या १९६० च्या सहकार कायद्यातील १०१ व्या कलमाचा मार्ग असतो. निबंधकाकडून वसुलीचा दाखला मिळाला की दिवाणी दाव्याची लांब वाट चालावी लागत नाही. आणि एकदा दिलेल्या कर्जाची जामीनकी ‘आता आमचे पटत नाही’ म्हणून एकतर्फी काढून घेता येत नाही. हे सगळे सही करण्यापूर्वीही खरे असते. भिडस्त माणसाला ते कळत नाही असेही नाही. कागद पुढे सरकवणाऱ्या मित्राचा चेहरा त्याला कागदापेक्षा मोठा दिसतो.

भाच्याकडून घेतलेली विमा पॉलिसी हा याच गोष्टीचा सौम्य प्रकार. नुकताच एजंट झालेला मुलगा सगळ्या नात्यात फिरतो, आणि ‘मावशी, तू नाही म्हणू नकोस’ या वाक्यावर पॉलिसी विकली जाते. इथे मात्र कायद्याने भिडस्ताची बाजू घेतली आहे. विमा नियामकाच्या २०२४ च्या नियमांनुसार पॉलिसीचा कागद हाती आल्यापासून ३० दिवसांत ती परत करता येते. जोखमीचा हिस्सा, वैद्यकीय तपासणी आणि मुद्रांक शुल्क असा किरकोळ खर्च वजा होऊन हप्ता परत मिळतो. अमेरिकेत दारोदार विकल्या जाणाऱ्या वस्तूंसाठी तीन दिवसांची अशीच मुभा १९७० च्या दशकापासून आहे. विक्रेता समोर बसलेला असताना माणसाला नाही म्हणवत नाही, तो उठून गेल्यावर म्हणवते, हे या दोन्ही नियमांनी ओळखले आहे. मावशीला भाच्याला तोंडावर नाही म्हणता आले नाही तरी चालेल, कार्यालयात एक अर्ज पुरतो. अर्थात पुढच्या गणपतीत तो समोर येणार असतो, आणि म्हणून बहुतेक मावश्या अर्ज करत नाहीत.

शिष्टाचाराच्या अभ्यासकांना हा प्रश्न ठाऊक आहे. पेनेलपी ब्राउन आणि स्टीव्हन लेव्हिन्सन यांनी तामिळनाडूतले एक खेडे आणि मेक्सिकोतला त्सेल्ताल भाषकांचा समाज यांचा अभ्यास करून शिष्टाचाराचा जो सिद्धांत मांडला, तो १९८७ साली पुस्तकरूपाने आला. प्रत्येकाला दोन गोष्टी हव्या असतात, असे तो म्हणतो: लोकांनी आपल्याला आपले म्हणावे, आणि लोकांनी आपल्या वाटेत येऊ नये. काही मागायचे म्हणजे दुसऱ्याच्या वाटेत येणे. म्हणून दोघांमधले अंतर, दोघांतली सत्ता आणि मागणीचा आकार पाहून माणूस आपले शब्द मऊ करतो. ‘कुठे उतरणार?’ हा प्रश्न या चौकटीत अचूक बसतो. जामीनकी मात्र बसत नाही. तिथे अंतर कमी, सत्ता शून्य आणि मागणी प्रचंड, तरी मागणारा निवांत आणि ऐकणाराच घामाघूम. हा सिद्धांत मुख्यतः बोलणाऱ्याच्या बाजूने विचार करतो. ऐकून घेणाऱ्याच्या मनात काय होते, याला आपल्या भाषेने स्वतंत्र विशेषण दिले आहे, ही मला मराठीची मोठी समज वाटते.

मग भिडस्ताने बदलायचे कसे? मराठीत भीड जाण्याची दोन क्रियापदे आहेत, आणि उत्तर त्यांच्यातच आहे. भीड चेपते, आणि भीड मोडावी लागते. चेपणे हळूहळू, सवयीने, आपल्याच बाबतीत होते. नवी सून चार महिन्यांनी मोठ्याने हसू लागते. पहिल्यांदा व्यासपीठावर उभा राहिलेला वक्ता पाचव्या भाषणात कागद बाजूला ठेवतो. भीड चेपण्याचे शास्त्र मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी फार धीटपणे मांडले. तरुणपणी त्यांना अनोळखी स्त्रियांशी बोलण्याचे धाडस होत नसे. एकोणिसाव्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातल्या वनस्पती उद्यानात जाऊन बाकावर बसलेल्या शंभराहून अधिक स्त्रियांशी स्वतःहून बोलणे सुरू केले. कित्येक उठून गेल्या, पण आभाळ कोसळले नाही, आणि त्यांची भीड चेपली. पुढे त्यांच्या उपचारपद्धतीत, रेल्वेच्या डब्यात उभे राहून येणाऱ्या स्टेशनचे नाव मोठ्याने पुकारण्याचा गृहपाठ रुग्णांना दिला जाई. भारतात ही विचारपद्धती रुजवण्यात कि. मो. फडके यांचा वाटा मोठा, आणि १९९० साली ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी सुरू केलेल्या ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ (आय. पी. एच.) या संस्थेने मनाच्या आरोग्याची भाषा मराठीतून सामान्य घरांपर्यंत पोचवली. आज कल्याणची आई मुलीला ‘नाही म्हणायला शिक’ असे सहज सांगते, यात अशा कामाचे श्रेय आहे.

पण चेपते ती परक्यांची भीड. आपल्या माणसाची भीड सरावाने जात नाही, ती मोडावी लागते, आणि दरवेळी नव्याने दुखते. मित्राला दहाव्यांदा नाही म्हणणे पहिल्या वेळेपेक्षा सोपे होते असे मला वाटत नाही. होत असेल तर ती मैत्री उरलेली नाही.

भीड मोडणाऱ्या माणसाला आपण काय म्हणतो, हेही तपासायला हवे. पुरुषाने भीड मोडली की तो स्पष्टवक्ता. बाईने मोडली की ती फटकळ, तोंडाळ. निर्भीड हा गौरवाचा शब्द आपण पत्रकारांसाठी आणि पुढाऱ्यांसाठी राखून ठेवला आहे, घरातल्या बाईसाठी तो काढतच नाही. निर्भीड नणंद किंवा निर्भीड जाऊ अशी शब्दयोजना कुणी ऐकली आहे का? सोशिक, सालस, भिडस्त ही विशेषणे मात्र स्थळे पाहताना आजही मुलीच्याच बाजूने मोजली जातात.

निर्भीड या शब्दाचा पूर्ण अर्थ मला दुर्गा भागवतांच्या एका कृतीत दिसतो. डिसेंबर १९७५, आणीबाणीचे दिवस, कराडचे साहित्य संमेलन. दुर्गाबाई अध्यक्ष आणि केंद्रात मंत्री असलेले यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, तेही स्वतःच्या गावात. आपल्याकडे यजमानाच्या भिडेहून मोठी भीड नाही. ज्याच्या मांडवात बसलो त्याच्या सरकारविरुद्ध बोलू नये, असे संस्कारच सांगतात. दुर्गाबाईंनी त्याच मांडवात कैदेतून नुकत्याच सुटलेल्या, आजारी जयप्रकाश नारायणांसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले, आणीबाणीच्या विरोधात उभ्या राहिल्या, आणि पुढच्या वर्षी त्यांना अटक झाली. त्यांनी यजमानाचा अपमान केला नाही. यजमानाच्या मानाला एका विषयापुरती मर्यादा घातली. निर्भय माणसाला भीती नसते. निर्भीड माणसाला समोरच्याचा मान कळत असतो आणि तरीही तो बोलतो, म्हणून निर्भीड होणे मला अधिक अवघड वाटते.

डोंबिवलीने निर्भीड आणि भिडस्त अशी दोन्ही टोके पाहिली आहेत. सभा आणि लेखणी दोन्ही पेटवणारे पु. भा. भावे याच गावचे. फेब्रुवारी २०१७ मध्ये इथे नव्वदावे साहित्य संमेलन भरले तेव्हा संमेलननगरीला त्यांचे नाव दिले होते. आणि मध्यमवर्गीय घरातल्या साध्या माणसांच्या कथा लिहिणारे शं. ना. नवरेही याच गावचे. भाव्यांचा आवेश गावाने व्यासपीठावर ऐकला, पण शन्नांच्या कथांतली माणसे गावाला जिन्यात भेटतात.

त्या जिन्यातल्या माणसांनी नकाराचे आपले व्याकरण केले आहे. ‘बघू’ म्हणजे नव्वद टक्के नाही. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणजे नाही, पण दोष बायकोच्या माथी. ‘जमेलसं वाटत नाही’ म्हणजे नाही, आणि वाईटही वाटते आहे. यांतला दुसरा प्रकार थांबवायला हवा, कारण नवऱ्याच्या भिडस्तपणाची किंमत म्हणून बायको विनाकारण खाष्ट ठरते. जामीनकीच्या प्रसंगासाठी मात्र जुन्या, व्यवहार जाणणाऱ्या माणसांकडे एक चांगली रीत होती आणि काही घरांत ती अजून पाळली जाते. सही करायची नाही, पण रिकाम्या हातानेही पाठवायचे नाही. ‘जामीन मी कुणालाच राहत नाही, तुलाही नाही. हे दहा हजार घे. परत आले तर उत्तम, नाही आले तर मी मागणार नाही.’ असे म्हणून पैसे हातावर ठेवायचे, चहा करायला सांगायचा, आणि मुलांचे कसे चालले आहे ते विचारायचे.